परदेशी प्रवाशांच्या नकाशावर मुळशी : एका निसर्गस्थळाची घडण

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील एखादे खोरे परदेशी प्रवाशाला कधी प्रेक्षणीय वाटते आणि कधी ते त्याच्या खिजगणतीतही नसते, हे त्या खोऱ्याच्या सौंदर्यावर फारसे अवलंबून नसते. रस्ते कुठून गेले, रोगराईविषयी कोणत्या समजुती रूढ होत्या, भांडवल कोणत्या बाजूने आले आणि त्या त्या काळी निसर्गाकडून माणसाची काय अपेक्षा होती, यांवरून ते ठरते. पुणे जिल्ह्याच्या पश्चिम कडेला असलेल्या मुळशी तालुक्याच्या इतिहासात ही गोष्ट फार स्पष्ट दिसते. पौड हे या तालुक्याचे मुख्य ठिकाण. पौड खोरे, मुठा खोरे, मोसे खोरे आणि कोरबारसे मावळ हे शिवकालापासून नावाजलेले प्रदेश याच परिसरातले. कोरीगड, घनगड, कैलासगड हे किल्ले, तैलबैलाच्या समोरासमोर उभ्या असलेल्या कातळभिंती, ताम्हिणी घाटातील अंजनी, जांभूळ आणि हिरड्याची राने आणि सात-आठ वर्षांतून एकदा फुलणाऱ्या कारवीचे उतार हे सारे येथे पूर्वापार होते. तरीही एकोणिसाव्या शतकात पुण्या-मुंबईकडे आलेल्या युरोपीय प्रवाशांचा ओघ मुळशीकडे वळला नाही, आणि आज जगाच्या निरनिराळ्या देशांतून येणारे पाहुणे मात्र येथील जलाशयाच्या काठी मुक्काम करतात. या दोन काळांच्या मध्ये जे घडले त्याचा विचार केल्याशिवाय मुळशीच्या पर्यटनाचा इतिहास पुरा होत नाही.

आंतरराष्ट्रीय गणनेत जो परदेशातून येऊन किमान एक रात्र आणि एक वर्षापेक्षा कमी काळ राहतो, आणि ज्याच्या येण्याचा मुख्य हेतू त्या देशात नोकरी करणे हा नसतो, त्याला परदेशी पर्यटक म्हणतात. एकोणिसाव्या शतकात ही संज्ञा लावण्यात अडचण आहे, कारण तेव्हा निसर्गस्थळी जाणारे बहुतेक युरोपीय हे येथेच नोकरीला असलेले अधिकारी, लष्करी माणसे आणि त्यांचे कुटुंबीय होते. त्यांना निसर्गाकडून हवी होती ती थंड हवा. उष्ण प्रदेशात युरोपीय शरीर टिकत नाही या समजुतीतून हवापालटाची ठाणी उभी राहिली. मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात, १८२८ च्या सुमारास, महाबळेश्वर वसवले गेले, आणि १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी माथेरानचा माथा पाहिल्यावर तेथेही बंगले उभे राहू लागले. या ठिकाणांचा हंगाम उन्हाळ्याचा होता. जून लागला की महाबळेश्वर रिकामे होई, घरांच्या भिंती पावसाच्या माऱ्यापासून वाचाव्यात म्हणून त्यांना गवताचे तट्टे बांधले जात, आणि सरकार पावसाळ्यासाठी पुण्याला येई, कारण सह्याद्रीच्या पूर्वेला पर्जन्यछायेत असलेल्या पुण्यात पाऊस बेताचा पडतो.

मुळशीची भौगोलिक अडचण नेमकी येथे होती. ताम्हिणीच्या कड्यावर एका हंगामात पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडणे ही नवलाची गोष्ट नाही, आणि तेथून पूर्वेकडे पौडपर्यंत येता येता तो झपाट्याने घटत जातो. ज्या काळात युरोपीय माणूस पावसाला टाळत होता आणि पावसाळ्यानंतरच्या ओल्या रानात हिवताप असतो या अनुभवाने तिकडे जायला धजत नव्हता, त्या काळात घाटमाथ्यावरील इतक्या पावसाच्या प्रदेशाला हवेशीर ठिकाण म्हणून भाव येणे शक्य नव्हते. शिवाय मुंबई-पुण्याचा हमरस्ता उत्तरेला बोरघाटातून गेला. माल्कम यांच्याच कारकिर्दीत, १८३० मध्ये, त्या घाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि १८६३ मध्ये घाट चढून जाणारा लोहमार्ग सुरू झाला. याच वाटेवर कार्ल्याची लेणी होती. मारिया ग्रॅहम या इंग्रज लेखिकेने १८०९ मध्ये ती पाहिली आणि १८१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्यांची माहिती दिली. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर युरोपातून मुंबईला येणे सोपे झाले, थॉमस कुक यांच्या कंपनीने १८८१ मध्ये मुंबईत कचेरी उघडली, आणि खऱ्या अर्थाने हौशी असा परदेशी प्रवासी भारतात दिसू लागला. पण त्यालाही कार्ले, खंडाळा, पुणे ही लोहमार्गावरची ठिकाणेच दाखवली जात. पौड खोऱ्यातून कोकणात उतरणाऱ्या वाटा बैलांचे तांडे, मिठाचे व्यापारी आणि गावोगावचे लोक वापरत होते, परंतु त्या वाटांवर परदेशी प्रवाशाला हवा असलेला डाकबंगल्यांचा आणि घोड्यांच्या टप्प्यांचा बंदोबस्त नव्हता.

मुळशीकडे बाहेरच्या जगाचे लक्ष गेले ते तिच्या देखाव्यामुळे नव्हे, तर तिच्या उंचीमुळे आणि पाण्यामुळे. सह्याद्रीच्या माथ्यावर साठवलेले पाणी बोगद्यातून आणि नळांतून कोकणाच्या बाजूला सुमारे ५०० मीटर खाली सोडले, तर त्या दाबावर वीज तयार करता येते, आणि मुंबईच्या कापडगिरण्यांना तिची गरज होती. टाटा समूहाने लोणावळ्याच्या तळ्यांवर उभारलेले खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. त्यानंतर आंध्रा खोऱ्याचे आणि मग नीला-मुळा या नद्यांच्या खोऱ्याचे काम हाती घेतले गेले. १९१९ मध्ये टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली आणि तिच्या योजनेनुसार मुळशी पेट्यातील, म्हणजे तेव्हाच्या मुळशी उपविभागातील, पन्नासच्या आसपास गावांची जमीन पाण्याखाली जाणार होती. ही जमीन म्हणजे नदीकाठची भातखाचरे होती. आंबेमोहर तांदूळ पिकवणारी ही खाचरे पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून, माती अडवून तयार केलेली होती, आणि त्यांच्या बदल्यात डोंगरउतारावरची वरकस जमीन मिळाली तर तेथे नाचणी-वरीपलीकडे काही होणार नाही, हे शेतकऱ्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशीच्या मावळ्यांनी धरणाच्या कामावर जाऊन सत्याग्रह सुरू केला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे या लढ्याचे प्रमुख. बापटांना ‘सेनापती’ हे बिरुद याच लढ्याने दिले. पुण्याच्या ‘केसरी’ वृत्तपत्राभोवतीच्या पक्षाच्या पुढाऱ्यांचा पाठिंबा मिळाला, गांधीजींनी ‘यंग इंडिया’त त्याच वर्षी मुळशीवर लिहिले, आणि काही काळ काम थांबलेही. परंतु पेट्यातील बरीचशी जमीन कागदोपत्री पुण्याच्या सावकारांच्या नावावर गेलेली होती, आणि सावकाराला जमिनीपेक्षा भरपाईच्या रकमेत अधिक रस होता. त्यामुळे नांगरणारे आणि मालकी सांगणारे यांच्यात फूट पडली, आणि सत्याग्रही स्त्री-पुरुषांनी तुरुंगवास सोसूनही काम पुन्हा सुरू झाले. १९२४ मध्ये धरणाच्या कामाच्या आगगाडीवर सशस्त्र हल्ला केल्याबद्दल बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली. १९३१ मध्ये ते सुटले तेव्हा धरण पूर्ण होऊन चार वर्षे झाली होती. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा सविस्तर अभ्यास करून त्याला जगातील पहिला धरणविरोधी लढा म्हटले आहे. सुमारे ११ हजार माणसे विस्थापित झाली. काही डोंगराच्या वरच्या अंगाला सरकली, काही देशावर गेली, आणि मुळेचे जे पाणी निसर्गक्रमाने भीमा-कृष्णेला मिळून पूर्वेच्या समुद्राला गेले असते, ते डोंगर फोडून कोकणातल्या भिऱ्याच्या वीजकेंद्राकडे आणि तेथून अरबी समुद्राकडे वळले.

या घटनेचा पर्यटनाशी असलेला संबंध थेट आहे. आज मुळशीच्या जाहिरातीत पहिल्यांदा जे दिसते ते म्हणजे डोंगरांच्या कुशीत पसरलेला निळा, वाकणावाकणांचा जलाशय, आणि तो ‘अस्पर्शित निसर्ग’ म्हणून परदेशी पाहुण्यापुढे ठेवला जातो. वस्तुतः तो शंभर वर्षांहूनही अर्वाचीन आहे. त्याच्या काठची वळणे म्हणजे पूर्वीच्या खोऱ्यातील डोंगरसोंडा आहेत, त्याची बेटे म्हणजे टेकड्यांचे माथे आहेत, आणि उन्हाळ्यात वीजनिर्मितीमुळे पाणी उतरते तेव्हा काठाने जो उघडा, तपकिरी, भेगाळलेला पट्टा दिसतो तो नैसर्गिक तळ्याला कधीच नसतो. काठाकाठाने चालणाऱ्या प्रवाशाला तेथे धरणाआधीच्या वहिवाटीच्या खुणा ओळखता आल्या, तर त्याला हे खोरे अधिक खरे दिसेल.

स्वातंत्र्यानंतर परदेशी पर्यटकांची सरकारी मोजदाद नियमित होऊ लागली. १९५१ मध्ये भारतात जेमतेम १७ हजार परदेशी पर्यटक आले होते. २०१९ मध्ये ही संख्या १ कोटी ९ लाखांवर गेली. या सत्तर वर्षांत परदेशी पाहुण्यांची निसर्गविषयक आवड निरनिराळ्या दिशांना पसरली. पहिली दोन दशके सधन परदेशी शिकाऱ्यांसाठी मध्य भारतातील जंगलांत शिकारीच्या सहली भरवणाऱ्या कंपन्या चालत होत्या; वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा झाला, आणि बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली. महाराष्ट्रात १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेले ताडोबा त्यानंतर हळूहळू परदेशी वन्यजीवप्रेमींच्या वाटेवर आले. समुद्रकिनाऱ्याची ओढ असलेला युरोपीय पर्यटक गोव्याकडे गेला, आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात युरोपातून थेट गोव्याला खास विमाने येऊ लागल्यावर ही ओढ घाऊक झाली. या दोन्ही प्रवाहांत मुळशीला स्थान नव्हते, कारण तिच्याकडे वाघ नव्हता आणि वाळूही नव्हती.

पावसाकडे पाहण्याची दृष्टी बदलल्याचा एक प्रसंग मात्र येथे नोंदवला पाहिजे. १९७० च्या दशकापासून आखाती देशांतील अरब कुटुंबे ऐन पावसाळ्यात मुंबईला येऊन राहू लागली, आणि त्यांच्या येण्यामागे औषधोपचार व खरेदी यांच्याबरोबर पाऊस पाहणे हाही हेतू असे. ज्या पावसापासून ब्रिटिश अधिकारी पळत होते त्यासाठी वाळवंटातील माणूस समुद्र ओलांडून येतो, हे पाहिल्यावर केरळने पुढे पावसाळी पर्यटनाची जाहिरात पद्धतशीरपणे केली. महाराष्ट्राने ही संधी घाटमाथ्याच्या बाबतीत तितक्या विचारपूर्वक घेतली नाही. ताम्हिणीच्या पावसाळी गर्दीत परदेशी पाहुणा अपवादानेच दिसतो. ती गर्दी पुण्या-मुंबईच्या सुट्टीच्या दिवसांची आहे, आणि २०२४ च्या जुलैत जिल्हा प्रशासनाला मावळ-मुळशीतील धोकादायक ठिकाणी प्रतिबंधक आदेश काढावे लागले, यावरून तिचे स्वरूप कळते.

परदेशी माणसाला मुळशीपर्यंत आणणारी खरी वाट पुणे शहरातून आली, आणि ती देखाव्यापेक्षा आरोग्याशी व मनःशांतीशी निगडित होती. पुण्याचा निसर्गोपचाराशी संबंध जुना आहे. डॉ. दिनशॉ मेहता यांच्या पुण्यातील निसर्गोपचार केंद्रात गांधीजी राहिले होते, आणि १९४६ मध्ये त्यांनी उरुळी कांचन येथे निसर्गोपचाराचे काम सुरू केले. निसर्गोपचार म्हणजे औषधांऐवजी माती, पाणी, ऊन, हवा आणि आहार यांच्या साहाय्याने शरीराला स्वतःच बरे होऊ देण्याची पद्धत. १९७५ मध्ये बी. के. एस. अय्यंगार यांची योगसंस्था शिवाजीनगरला सुरू झाली आणि जगभरातून योगाचे विद्यार्थी पुण्याला महिनोन्‌महिने येऊन राहू लागले. १९७४ पासून कोरेगाव पार्कातील रजनीश आश्रमामुळे पाश्चात्त्य तरुणांची मोठी वर्दळ शहरात झाली. आरोग्य, साधना आणि लांब मुक्काम यांसाठी पुणे हे नाव परदेशात परिचित झाले ते या संस्थांमुळे, आणि मुळशीतील आजची आरोग्यनिवासे याच परिचयावर उभी आहेत, असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे. १९९७ मध्ये पौडजवळ खुबवली येथील टेकडीवर महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज सुरू झाले, आणि अनेक देशांतील विद्यार्थी दोन-दोन वर्षे या खोऱ्यात राहू लागले. ते पर्यटक नव्हेत. पण त्यांना भेटायला येणारे पालक आणि शिकून परत गेलेले विद्यार्थी यांच्यामार्फत मुळशीचे नाव जितके दूर गेले तितके कोणत्याही सरकारी पत्रकाने गेले नसेल.

त्याच सुमारास दुसरी एक चाल सुरू झाली होती. १९९६ मध्ये महाराष्ट्र शासनाने डोंगराळ भागात खाजगी थंड हवेची शहरे वसवण्यास मुभा देणारी खास नियमावली केली. कोरीगडाच्या पायथ्याशी आंबवण्याजवळ ॲम्बी व्हॅली उभी राहिली, आणि मोसे खोऱ्यात, वरसगाव धरणाच्या वरच्या अंगाला, दासवे गावी लवासाचे काम सुरू झाले. शिवरायांचे ज्येष्ठ सहकारी बाजी पासलकर हे याच मोसे खोऱ्याचे, आणि वरसगावच्या जलाशयाला त्यांचेच नाव आहे. अशा खोऱ्यात इटलीच्या पोर्तोफिनो या किनारी गावाच्या धर्तीवर रंगीत इमारतींची रांग पाण्याकाठी बांधली गेली. यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. १९८० च्या दशकापासून मराठी मध्यमवर्ग केसरीसारख्या पर्यटन कंपन्यांच्या सहलींतून आधी भारतभर आणि पुढे युरोपात फिरू लागला, स्वित्झर्लंडची सरोवरे आणि इटलीची किनारी गावे त्याने डोळ्यांनी पाहिली, आणि सुंदर निसर्गस्थळ कसे दिसावे याची त्याची कल्पना त्या देखाव्यांवरून ठरू लागली. म्हणजे परदेशी पाहुण्याला येथे आणण्याआधी परदेशाचा देखावाच येथे आणला गेला. युरोपातून येणाऱ्या माणसाला सह्याद्रीत इटलीची प्रतिकृती पाहण्याचे कारण नसते, ही साधी गोष्ट त्या आराखड्यात लक्षात घेतली गेली नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने परवानगीच्या प्रश्नावरून लवासाचे काम थांबवण्याचा आदेश दिला, वर्षभराने पहिल्या टप्प्याला अटींसह मंजुरी मिळाली, आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या कायदेशीर प्रक्रियेत गेली.

नकली शहरापेक्षा मूळ सह्याद्रीलाच जगात किंमत आहे, हे याच वर्षांत दुसऱ्या बाजूने सिद्ध होत होते. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. महाराष्ट्रातील कास पठार, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार स्थळे त्या यादीत आहेत, मुळशी नाही. मात्र २०१३ मध्ये ताम्हिणी परिसरातील सुमारे ५० चौरस किलोमीटर वनक्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित झाले. शेकरू, मलबारी धनेश आणि पहाटे शीळ घालणारा कस्तुर हे तेथील रहिवासी. त्याहून जुने संरक्षण देवरायांचे आहे. देवराई म्हणजे ग्रामदेवतेच्या नावाने राखलेले, कुऱ्हाड न लावलेले रान. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील अशा रानांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यानंतर जगभरच्या वनस्पतिशास्त्रज्ञांचे लक्ष या प्रथेकडे गेले.

या सर्व प्रवाहांचा सध्याचा मुक्काम म्हणजे आरोग्यनिवास. २०१४ च्या अखेरीस भारताने इंटरनेटवरून मिळणारा पर्यटक व्हिसा सुरू केला, त्यात पुढे उपचारांसाठीच्या व्हिसाची भर पडली, आणि थोड्या अवधीत ठरवून आठ-पंधरा दिवसांसाठी येणे परदेशी माणसाला सोपे झाले. २०१६ मध्ये मुळशीच्या जलाशयाजवळ आत्मंतन हे आरोग्यनिवास सुरू झाले. आयुर्वेद, योग, आहारनियमन आणि निसर्गोपचार यांची सांगड घालणारे हे केंद्र परदेशी पाहुण्यांना डोळ्यापुढे ठेवून चालते. पलीकडे मावळात शिळिंबलाही अशाच धर्तीचे निवास आहे. येथे येणाऱ्या पाहुण्याचा दिवस आवाराच्या आतच जातो, आणि जलाशय त्याच्या दृष्टीने खिडकीतला देखावा असतो. २०२० मध्ये महासाथीमुळे भारतात येणाऱ्या परदेशी पर्यटकांची संख्या २७ लाखांवर घसरली, तेव्हा परदेशी पाहुण्यांवर विसंबलेल्या प्रत्येक निवासाला देशी पाहुण्यांकडे वळावे लागले. यावरून या व्यवसायाचा पाया किती हलू शकतो तेही दिसले.

मुळशीचे पाणी पर्यटनाला आणखी एका ठिकाणी उपयोगी पडते, आणि ती गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. भिऱ्याला वीज तयार करून झाल्यावर हे पाणी कुंडलिका नदीत येते. एरवी पावसाळ्यानंतर रोडावणारी ही नदी या पाण्यामुळे बारमाही वाहते, आणि कोलाडजवळ रबरी होड्यांतून नदी उतरण्याचा जो खेळ चालतो त्याची वेळ सकाळी पाणी सुटण्यावर ठरते. पाणी सुटले की होड्या निघतात, आणि ओघ ओसरायच्या आत त्यांना मुक्कामी पोहोचावे लागते. खळाळत्या नदीचा थरार म्हणून पर्यटक जे अनुभवतो, ते सह्याद्रीच्या पलीकडच्या बुडालेल्या भातखाचरांवरून आलेले पाणी असते.

मुळशीच्या धरणाला २०२७ मध्ये शंभर वर्षे पूर्ण होतील. जलाशयाच्या काठी चालणारी निवासे, वनखाते आणि महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ यांनी त्या निमित्ताने एक काम अवश्य करावे. परदेशी पाहुण्याच्या हाती ते जी माहिती देतात, तिच्यात धनेश आणि कारवीच्या शेजारी पाण्याखाली गेलेल्या गावांची नावे, त्या गावांच्या आंबेमोहराची माहिती आणि १६ एप्रिल १९२१ ही तारीख छापावी, आणि काठावरच्या गावांतील ज्या माणसांच्या घरांत या लढ्याच्या हकिकती अजून सांगितल्या जातात त्यांना वाटाड्या म्हणून रीतसर, पगारी काम द्यावे.